आभाळ, काळी माती आणि भिंग : वऱ्हाडातील मेघचित्रांच्या वाचनाचा प्रश्न

छायाचित्र हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील ‘छाये’कडे आता सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रकाशाने रेखलेले ते चित्र, हा मूळ ग्रीक संज्ञेचा अर्थ ध्यानात घेऊन काहींनी ‘प्रकाशचित्र’ हा पर्याय योजला. तो जाणकारांपुरताच राहिला. या दोन नावांतील निवड ही वरवर पाहता परिभाषेची बाब आहे. परंतु वऱ्हाडातील पावसाळी आभाळाची चित्रे समोर ठेवली म्हणजे चित्रात प्रकाश कोणाच्या वाट्याला आला आणि छाया कोणाच्या, हा प्रश्न अगदी शब्दशः उभा राहतो. मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे फारसे पाहिलेले नाही. साहित्यातील निसर्गवर्णनावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. भिंगातून घडलेल्या निसर्गाला मात्र ‘छंद’ किंवा ‘बातमी’ यांपैकी एका खात्यावर टाकून समीक्षा मोकळी झाली.

मृग नक्षत्राच्या आगेमागे अमरावती-अकोल्याच्या वाचकासमोर दरवर्षी दोन प्रकारची चित्रे येतात. पहिले चिखलदऱ्याचे. देवी पॉइंट किंवा पंचबोल, दरीतून वर चढणारे धुके, गाविलगडाच्या तटावर टेकलेला ढग, भीमकुंडाकडे कोसळणारी पाण्याची धार. दुसरे चित्र मैदानातले. नुकती वखरलेली किंवा भेगाळलेली जमीन, वर काळेभोर आभाळ, आणि मध्ये बैलजोडीसह वा एकटाच उभा असलेला शेतकरी, मान वर केलेला. पहिले पुरवणीत जाते, दुसरे पहिल्या पानावर. पहिल्याखाली निसर्गाने केलेल्या उधळणीचे शब्द असतात, दुसऱ्याखाली बळीराजाच्या आभाळाकडे लागलेल्या डोळ्यांचे. दोन्ही चित्रांतला ढग पुष्कळदा एकाच वाऱ्याने आणलेला असतो. पण एक चित्र ‘सौंदर्या’चे आणि दुसरे ‘वास्तवा’चे, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज कोणाला भासत नाही. गंमत अशी की दुसऱ्या चित्राखालच्या ओळीत ज्या डोळ्यांचा उल्लेख असतो, ते डोळे चित्रात दिसतच नाहीत. माणूस तेथे काळी आकृती असतो. त्याला चेहरा नसतो.

हा चेहरा का हरवतो? त्याचे पहिले उत्तर तांत्रिक आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. वऱ्हाडची माती काळी आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य छायाचित्रकारापुढे अडचण म्हणून उभे राहते. ओली काळी माती आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी प्रकाश परत पाठवते. प्रकाशमापक मात्र समोरचे जग ढोबळमानाने मध्यम करड्या छटेचे आहे, पाठ्यपुस्तकी भाषेत सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरून चालतो. वादळापूर्वी ढगाचा तळ काळा होतो, पण क्षितिजापाशी उजेडाची एक पट्टी शिल्लक राहते. आणि सपाट मुलखात ही पट्टी आडवी, अखंड आणि फार तेजस्वी असते. अशा वेळी आभाळाचा अंदाज घेऊन शटर दाबले तर माती आणि मातीवरचा माणूस दोन्ही काळोखात बुडतात. मातीचा अंदाज घेऊन दाबले तर ढग पांढराफटक होऊन जळून जातो. दोन्ही एका चित्रात धरणे कठीण, म्हणून निवड करावी लागते. बहुसंख्य चित्रांत निवड आभाळाच्या बाजूने झालेली असते.

ही अडचण वऱ्हाडची एकट्याची नाही आणि आजचीही नाही. १८५० च्या दशकातील कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला इतर रंगांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील होत्या. जमिनीला पुरेल इतका वेळ दिला की आभाळ कोरे उमटत असे. फ्रान्समधील ग्यूस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास केलेल्या समुद्रचित्रांपैकी काहींत आकाश एका निगेटिव्हवरून आणि समुद्र दुसऱ्यावरून छापून क्षितिजरेषेवर दोन्ही जोडले. म्हणजे छायाचित्रातला पहिला गाजलेला ढग हा पुष्कळ अंशी जोडकाम होता. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या फिल्म आल्या, पिवळे आणि तांबडे फिल्टर आले. निळे आभाळ गडद करून पांढरा ढग त्यावर कोरून काढता येऊ लागला. ‘नाट्यपूर्ण’ म्हणून वाखाणलेल्या कृष्णधवल आभाळातले बरेचसे नाट्य त्या तांबड्या काचेचे असते, हे आस्वादकाने विसरू नये.

आज परिस्थिती पालटली आहे. खिशातला मोबाइलसुद्धा एका दाबण्यात कमी-अधिक एक्स्पोजरच्या अनेक प्रतिमा घेऊन त्यांचा मेळ घालतो. ल ग्रेने अंधाऱ्या खोलीत हाताने केले ते आता आपोआप होते. आभाळही दिसते, मातीही दिसते, मातीवरचा चेहराही दिसू शकतो. म्हणजे काळ्या आकृतीला असलेले तांत्रिक निमित्त संपले. आणि तरीही काळी आकृती संपली नाही. येथेच पहिले उत्तर अपुरे ठरते. जी गोष्ट अपरिहार्यतेपोटी सुरू झाली असे वाटत होते, ती अपरिहार्यता सरल्यावरही टिकून राहते, तेव्हा तो संकेत असतो. चेहरा नसलेला शेतकरी कोणीही असू शकतो. म्हणूनच तो दरवर्षी, कोणत्याही तालुक्याच्या बातमीसाठी, पुन्हा वापरता येतो. चेहरा दिसला असता तर त्याचे नाव विचारावे लागले असते.

ढगांच्या छायाचित्रणाला ज्याने सैद्धान्तिक प्रतिष्ठा मिळवून दिली त्या आल्फ्रेड स्टीग्लित्झचा विचार या संदर्भात टाळता येणार नाही. १९२२ पासून त्याने ढगांची चित्रे घेण्यास आरंभ केला. आपल्या चित्रांचे सामर्थ्य त्यांतील व्यक्तींवर वा विषयावर अवलंबून नाही, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. ढग सर्वांसाठी असतात, त्यांच्यावर अद्याप कर बसलेला नाही, अशा आशयाचे त्याने १९२३ मध्ये लिहिले. पुढे या मालिकेला त्याने ‘इक्विव्हॅलंट्स’ असे नाव दिले. त्यांतील बहुतेक चित्रांत क्षितिज नाही, जमीन नाही, वर-खाली ठरविण्यास आधार नाही. उरतो तो छटांचा परस्परसंबंध आणि त्यातून जाणवणारी एक भावस्थिती. मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयनियमांनी कलाकृतीचा रूपबंध सिद्ध होतो, ही त्यांची भूमिका स्टीग्लित्झच्या आभाळाला जवळजवळ बेतल्यासारखी बसते. आणि काव्याच्या संदर्भात त्यांनी मांडलेली ‘भावनानिष्ठ समतानता’ तर ‘इक्विव्हॅलंट’ या संज्ञेची सख्खी बहीण शोभावी. या साम्यामागे प्रभाव शोधण्याचे कारण नाही. विषयाला वजा करून अनुभवाची शुद्धी साधण्याची जी ओढ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक कलांत एकाच वेळी उत्पन्न झाली, तिची ही दोन रूपे आहेत.

प्रश्न असा की वऱ्हाडातल्या ढगातून विषय वजा करता येतो काय? स्टीग्लित्झची चित्रे थोर आहेत, यात शंका नाही. पण ढग फुकट असतात, हे वाक्य अकोल्याच्या एखाद्या कोरडवाहू वावरात उभे राहून उच्चारता येणार नाही. तेथे ढगाची किंमत बियाण्याच्या पिशवीत, दुबार पेरणीत आणि कर्जाच्या हप्त्यात मोजली जाते. क्षितिज कापून टाकलेला ढग हा तेथे शुद्ध अनुभव नसून अर्धे वाक्य आहे. रूपवादी समीक्षक म्हणेल की हे सारे चित्राबाहेरचे आहे. कापसाच्या भावाने ढगाची छटा बदलत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ‘सामाजिक बांधिलकी’ या शब्दाने उत्तर देणे म्हणजे उत्तर टाळणे होय. उत्तर चित्राच्या आतच शोधले पाहिजे.

त्यासाठी आपल्या काव्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. ज्याच्या ठायी भाव जडतो तो आलंबन विभाव, आणि त्या भावाला चेतवणारी परिस्थिती तो उद्दीपन विभाव. मेघ, चंद्र, उद्यान, वारा हे सारे परंपरेने उद्दीपनात मोडतात. चिखलदऱ्याचे धुके सहलीला आलेल्याच्या चित्रात याच नात्याने येते: आलंबन तेथे सोबतचे माणूस असते, किंवा स्वतःचे मन. त्यात वावगे काही नाही. मात्र त्याच मेळघाटात पावसाळा म्हणजे नाल्यांना पूर येऊन वाटा बंद होण्याचा, दवाखाना दूर जाण्याचा काळ असतो. १९९० च्या दशकापासून बालमृत्यूंच्या निमित्ताने हा प्रदेश वारंवार चर्चेत आला. धुक्याच्या चित्रांत कोरकू माणूस क्वचितच दिसतो, आणि दिसला तर उद्दीपनाचाच एक भाग म्हणून.

मैदानातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मेघ हा उद्दीपन नव्हे, आलंबनच आहे. भाव त्याच्याच ठायी जडलेला असतो; आशा त्याचीच, राग त्याच्यावरच. वास्तविक संस्कृत परंपरेतही मेघाला हा मान एकदा मिळाला होता. ‘मेघदूता’त कालिदासाने मेघाला उद्देशून बोलणे योजले, त्याला श्रोता केले, वाट सांगितली, आणि धूर, तेज, पाणी, वारा यांचा हा निर्जीव समुच्चय निरोप काय नेणार, ही शंकाही आरंभीच उपस्थित करून ठेवली. वा. वि. मिराशी यांनी त्यातील रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक होय असे प्रतिपादन केले, आणि विदर्भाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण तो मेघ रामटेकहून उत्तरेकडे, रेवा ओलांडून विदिशा-उज्जयिनीच्या वाटेने जातो. वऱ्हाड त्याच्या वाटेवर नाही.

आलंबन आणि उद्दीपन हा भेद चित्रात कसा ओळखावा? काळाच्या जाणिवेवरून तो ओळखता येतो. ल्यूक हॉवर्ड याने १८०२-०३ मध्ये ढगांना लॅटिन नावे दिली ती आकारावरून: तंतूसारखे, राशीसारखे, थरासारखे. हवामानशास्त्राने ती स्वीकारली आणि छायाचित्राला ती फार मानवली, कारण छायाचित्र आकारच टिपते. आपल्या कृषिपरंपरेने मात्र पावसाला नावे दिली ती काळावरून. मृगाचा, आर्द्रेचा, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. आर्द्रेत आलेला ढग आणि तशाच आकाराचा उत्तरेत आलेला ढग छायाचित्रात एकच दिसेल. शेताच्या दृष्टीने त्यांत जगण्या-मरण्याचे अंतर आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडून दुसऱ्या पहाटे पावसापाण्याचे भाकीत सांगतात, त्यालाही हजारो लोक जमतात. त्या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. परंतु आभाळ हे पाहण्याचे नसून वाचण्याचे आहे, ही वृत्ती त्यातून दिसते. आणि वाचायचे असते ते पुढचे.

रोलां बार्थ यांनी १९८० मधील आपल्या शेवटच्या ग्रंथात छायाचित्राचे सार भूतकाळात असल्याचे सांगितले: समोर जे दिसते ते एकदा खरोखरच होते. ढगाचे चित्र या सिद्धान्ताला अडचणीत आणते. वऱ्हाडातला जूनचा ढग भविष्यकाळात असतो. तो आहे यापेक्षा तो पडेल काय, हेच त्याचे सार होय. छायाचित्र त्याला ‘होता’ करून टाकते. तो बरसला की कोरडाच निघून गेला, हे चित्र सांगू शकत नाही. आणि दोन्ही ढग सारखेच देखणे असतात. किंबहुना न बरसता उंच चढत गेलेले, उन्हाने कडा उजळलेले ढग अधिक देखणे असतात. भिंगाला आवडलेला ढग आणि वावराला हवा असलेला ढग यांत हे वैर आहे. भरपूर पाऊस देणारे सलग, करडे, बिनकडांचे आभाळ, झड लागलेल्या दिवसाचे आभाळ, छायाचित्रकाराच्या लेखी ‘काही नसलेले’ आभाळ होय. तशी चित्रे पुरस्कारासाठी कोणी पाठवीत नाही. पेरणीयोग्य वाफसा आला की नाही, हे तर मूठभर माती दाबूनच कळते; त्याचे चित्र निघत नाही.

पाण्याविषयी हीच गोष्ट अधिक तीव्रतेने सांगता येते. पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाणा अशी वाहत चांगदेवपाशी तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांना लागून खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचे पाणी तेथे खारे. पिण्यास नकोसे, ओलितास घातक. विहीर भरलेली असते आणि गाव तहानलेले असते. या विहिरीचे चित्र काढले तर काय दिसेल? शांत, निळसर, ढगांचे प्रतिबिंब धरून असलेले पाणी. क्षार दिसत नाहीत. छायाचित्रातले सर्व पाणी गोडच असते. याला अपवाद म्हणावा असा प्रसंग जून २०२० मध्ये लोणारला घडला. सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पातळी घटून क्षारता वाढल्याने फोफावलेल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे तपासणीअंती सांगण्यात आले. त्या पाण्याची चित्रे जगभर गेली. क्षारता एकदाच दृश्य झाली आणि तीही नवलाच्या रूपात. पूर्णेकाठच्या विहिरींचा क्षार गुलाबी नाही, त्यामुळे त्याला प्रेक्षक नाही.

या सबंध प्रश्नाचा एक मार्मिक दाखला गो. नी. दांडेकरांच्या रूपाने उपलब्ध आहे, आणि त्याची या अंगाने चर्चा व्हावयास हवी. १९१६ मध्ये परतवाड्यास, म्हणजे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, त्यांचा जन्म झाला. लहान वयात घर सोडून ते बाहेर पडले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. पुढे लेखक म्हणून ते सह्याद्रीत रमले. ते कॅमेराही वापरीत. त्यांनी घेतलेली किल्ल्यांची चित्रे ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या ग्रंथातून वाचकांसमोर आली आहेत. कडे, बुरूज, माच्या, आणि त्यांना बिलगणारे ढग. या चित्रांत दुर्गाविषयीची भक्ती आहे आणि उंचीची ओढ आहे. त्यांनीच १९५० च्या दशकात ‘पूर्णामायची लेकरं’ ही वऱ्हाडी बोलीतली कादंबरी लिहिली. म्हणजे सह्याद्री त्यांच्या लेखणीलाही लाभला आणि भिंगालाही. पूर्णेचे खोरे प्रामुख्याने लेखणीला. याला योगायोग म्हणता येईल. पण योगायोगातही अर्थ असू शकतो. भिंगाला दृश्य लागते, आणि दृश्याची आपली कल्पना डोंगर, दरी, कडा यांच्यावर पोसलेली आहे. सपाट काळा मुलूख तीत बसत नाही. बोलीला मात्र सपाटीची अडचण नाही. कादंबरीच्या शीर्षकातच नदी ‘माय’ आहे. ती पाहण्याची वस्तू नाही, तिच्याशी नाते आहे. जे आलंबन छायाचित्रात सहजी उतरत नाही ते संबोधनाने एका शब्दात साधले. याचा अर्थ शब्द श्रेष्ठ आणि चित्र कनिष्ठ असा काढण्याची घाई साहित्याच्या अभ्यासकाने करू नये, जरी तो मोह त्याला होणारच. शब्दालाही आपले ठोकळे आहेत. मराठी ग्रामीण कथेतला आभाळाकडे पाहणारा म्हातारा छायाचित्रातल्या काळ्या आकृतीइतकाच झिजलेला आहे.

अलीकडे मात्र कॅमेरा ज्याच्या हातात आहे तो माणूस बदलला आहे, आणि त्यामुळे वरील सर्व विवेचनाला एक वेगळे वळण मिळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा गहू, हरभरा आणि संत्र्याच्या बागांवर पडलेल्या गारांची चित्रे गावोगावच्या मोबाइलांतून फिरली. २०१६ च्या खरिपापासून आलेल्या पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट होती आणि सूचनेसोबत नुकसानीचे छायाचित्र जोडण्याची सोय करण्यात आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. त्यात शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचे चित्र घ्यावयाचे असते. वादळ आणि पाणी यांचे एवढे विपुल छायाचित्रण वऱ्हाडात पूर्वी कधी झाले नव्हते. ते करणारा माणूस स्वतःला छायाचित्रकार समजत नाही, आणि समीक्षाही त्याला तसे समजत नाही.

या चित्रांना रूपबंध नाही असे म्हणणे चूक ठरेल. त्यांचा रूपबंध प्रयोजनाने घडविला आहे. भिंग खाली वळलेले असते. चौकटीत आडवी झालेली तूर किंवा बोंडांसह चिखलात लोळलेली पऱ्हाटी असते, सोयाबीनच्या तासांतून साचलेले पाणी असते, ओळखीसाठी धुरा किंवा बांधावरचे झाड धरलेले असते. एक्स्पोजर मातीला अनुसरून होते, कारण मातीच दाखवावयाची असते. बार्थ यांचे ‘ते होते’ येथे तत्त्वचिंतनाचा विषय राहत नाही. ते अर्जाचे कलम होते, आणि ते मान्य होण्यावर पैसे अवलंबून असतात. ही चित्रे सुंदर आहेत काय, हा प्रश्न त्यांना विचारणे अप्रस्तुत वाटेल. पण चिखलदऱ्याच्या धुक्याला हा प्रश्न विचारताना जे निकष लावले जातात, ते मुळात कोणत्या चित्रांवरून तयार झाले, हे या चित्रांमुळे विचारता येते.

त्यांत आभाळ बहुधा नसते. ते असलेच तर उलटे, तासांतल्या पाण्यात उतरलेले. वादळ निघून गेल्यावरचे, स्वच्छ. आणि सकाळच्या किंवा कलत्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून घेतलेले असेल, तर चौकटीच्या खालच्या कडेशी त्या पाण्यावर चित्र काढणाऱ्याची स्वतःची सावली पडलेली असते, हात वर केलेली.